जादा पाटे

महादेवपुऱ्यातली नोकरी सोडल्यावर माझ्या नवऱ्याने पिकअप घेतला आणि मागच्या हौद्यावर कॅम्परची खोली चढवली. तिच्यातच राहून देश फिरायचा, हे यांचं परस्पर ठरलं होतं. मला कुणी विचारलं नाही.

खोलीच्या वजनाने गाडी मागून बसली, म्हणून होसकोट्याच्या एका गॅरेजमध्ये स्प्रिंगचे जादा पाटे बसवायला नेली. जुन्या पाट्यांखाली नवे पाटे आवळून झाल्यावर मिस्त्री कानडीत म्हणाला, "अक्का, स्वल्प आत बसा. माणसासकट गाडी किती दबते ते बघू."

मी आत जाऊन दार लावलं. एका बाजूचे पाटे अजून थोडे आवळायला त्याने तिकडून जॅक लावला, तशी खोली पिळली गेली आणि दार चौकटीत घट्ट रुतलं. पत्रा तापला होता. हात पसरले की दोन्ही भिंती लागत होत्या.

"घाबरू नकोस, आत्ता निघेल!" हे बाहेरून ओरडले.

आता रोज हेच, असं मनात आलं आणि मी दारावर लाथा घालू लागले. जॅक उतरवल्यावर दार सुटलं.

"बघ, गाडी कशी सरळ उभी आहे!" हे खुशीत म्हणाले.

"तुम्ही एकटे जा फिरायला. मी घरीच राहते."

परतताना यांनी गाडी रस्त्याला लावली. मग समोर बघतच म्हणाले, "आपलं राजाजीनगरचं घर मी भाड्याने दिलंय. पुढच्या महिन्यात ते लोक राहायला येतील."

खड्ड्यांतून गाडी छान चालली होती. महिन्याभरात आम्ही निघालो.