आवरणाऱ्या बाई

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या शाळेत व्हर्नेल टिस्डेल या काळ्या बाई गणित शिकवायच्या. कुठल्याही गोऱ्या मास्तरणीला काळं पोर जड गेलं, की ती त्याला व्हर्नेलबाईंच्या वर्गात धाडायची. शाळेची रीतच झाली होती ती. त्यापायीच आज हुशार मुलांचा वरचा वर्ग त्यांच्या हातून गेला, कालच्या नवख्या मास्तराला मिळाला.

"तुम्ही तिकडे गेलात तर या पोरांना आवरणार कोण?" मुख्याध्यापक गोड हसले.

"मी गणिताची बाई आहे साहेब, फौजदार नाही."

"अहो, कौतुकच करतोय तुमचं."

जळो ते कौतुक. मोकळ्या तासाला त्यांनी डबा उघडला. शुक्रवारची तळलेली मासळी म्हणजे आठवड्याचं सुख. पहिला घास घेतात तोच दारात शेजारच्या वर्गातली काळी पोरगी झनाया उभी.

"काय केलंस गं?"

"गुणगुणले. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे जा."

नुसती परत पाठवली तर त्या बाई मुख्याध्यापकांकडे तक्रार करतील आणि पोरीला चार दिवस घरी बसवतील. व्हर्नेलबाईंनी तिचा हात धरला, तिला शेजारी तिच्याच वर्गात परत नेलं आणि मागच्या बाकावर तिच्याजवळ बसल्या.

"शिकवा बाई. पोरगी इथंच शिकणार."

त्यांना पाहताच अख्खा वर्ग चिडीचूप झाला. फळ्याजवळच्या गोऱ्या बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. व्हर्नेलबाईंना मात्र कळलं, इथंही त्यांनी पोरं आवरलीच होती.