चौथी खूण

शाळेतले आमचे सर कुठलंही पुस्तक मागून उघडायचे. आधी शेवटची पानं, तिथली नावांची सूची. ती नसली की पुस्तक मिटून बाजूला. "सूची नाही म्हणजे पाट्या नसलेला एसटी स्टँड. गाडी उभी आहे, पण कुठली ते कोण सांगणार?" पेणला रामवाडीतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती माझी बी.एस्सी.ची मार्कशीट दाखवायला. कासूकडच्या आमच्या मिठागरवाल्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच. सरांनी तीसुद्धा उलटी करून पाहिली. "मागे काहीच नाही गो निर्मला," म्हणाले, "ये, तुला काम देतो."

काम म्हणजे त्यांचं पुस्तक. शाळेतून निवृत्त झाल्यावर सर सायकलवरून खाडीकाठची गावं फिरले होते, मिठागरांवर राबलेल्यांच्या हकिकती वहीत उतरवत. त्यातल्या पुष्कळशा माझ्या आईने सांगितलेल्या. ती एकदा म्हणाली, "मास्तर, मेलेल्या मानसांच्या नावांचा काय करताव?" सर म्हणाले, "बसायला जागा देतो, वहिनी." कुणी 'अमक्याची बायको' म्हटलं की त्यांची पेन्सिल थांबायची. नाव मिळेपर्यंत पुढे सरकायची नाही.

पुस्तक ते स्वतः संगणकावर टाइप करत. पद्धत अशी, की मजकुरातच नावाजवळ एक आज्ञा लिहायची. छापताना संगणक त्या खुणा वेचून मागची सूची लावतो. बाकीच्यांना एक खूण पुरते. सरांनी आपल्या तीन केल्या: व्यक्ती, गाव, अवजार. "माणूस आणि फावडं एका रांगेत बसवू नये." पण ते ज्या एडिटरमध्ये, म्हणजे टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये लिहीत, त्याला या घरगुती आज्ञा कळेनात. मी त्याच्या सेटिंगच्या फाइलीत तीन ओळी लिहिल्या, एकेका आज्ञेसाठी एकेक. मग खुणा रंगीत दिसू लागल्या आणि एक बटण दाबलं की सगळ्यांची यादी समोर. सर कितीतरी वेळ ते बटण दाबत बसले. "इतकी वर्षं वर्गात शिकवलं, पण एका सांगण्यात ऐकणारा विद्यार्थी आज भेटला." मी ताठ मानेने घरी गेले. खोटं कशाला सांगू, ती मान पुढे बरेच दिवस ताठच राहिली.

मला रोह्याच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. पुढे सरांची तब्येत ढासळली आणि त्यांच्या मुलीने, मीनाताईंनी, त्यांना रोह्यालाच आपल्या घरी आणलं. शिफ्ट सुटली की मी जायची. अक्षरं मोठी करून सर तेव्हाही टाइप करतच असत. एक दिवस म्हणाले, "यादी काढ." मी काढली.

"सगळ्या खुणा आल्या?"

"सगळ्या आल्या, सर."

"बघ हं. नक्की?"

"सर, मी शिकवलंय त्याला. चुकायचं नाय ते."

ते हसले. "मग झालं तर. पुढचं तू बघशील."

मला वाटलं, छपाईचं म्हणताहेत. आठवड्याभरात सर गेले. पुस्तक मी नेटाने छापून आणलं.

काही महिन्यांनी मीनाताईंनी सरांचा लॅपटॉप मला दिला. छपाईतली एक चूक तपासायला मूळ फाइल उघडली, तर रंगीत खुणांमध्ये एक बिनरंगाची आज्ञा दिसली: 'विचारणे'. रोह्याला आल्यावर सरांनी चौथी खूण केली होती. कागदावर ती काहीच छापत नव्हती, आणि मी तीनच खुणा शिकवलेल्या एडिटरला तिची ओळखच नव्हती. इतर तिन्हींसारखी हीसुद्धा यादीत येणार, असं सरांनी धरलं होतं. मी तर 'सगळ्या' म्हणून मोकळी झाले होते.

सेटिंगमध्ये चौथी ओळ लिहिली. बटण दाबलं. सतरा नोंदी, सतरा बायका. आमच्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलतात. सूचीत सगळ्या सासरच्या नावाने बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे सरांनी लिहिलं होतं, 'लग्नाआधीचं नाव? निर्मलाच्या आईला विचारणे.'

मी कासूला गेले. आईने पाच नावं पटापट सांगितली. मग अडली. "बाकीच्यांचा पारूला म्हाईत. ती सगल्यांच्या लग्नात व्हती."

"पारूआजी गेली ना गो आये, गेल्या महिन्यात."

"व्हय. तवाच विचारायचा व्हतास."

यादीत शेवटची नोंद आईचीच होती. तिला मी जनाबाई म्हणूनच ओळखते, शाळेच्या फॉर्मवर लिहीत आले.

"आणि तुजा?"

"माजा कशाला गो?" तिने पदराला हात पुसले. कोरडे होते, तरी पुसत राहिली. "येसू. बा हाक मारायचा. त्याच्यामागारी कोनी नाय."

माझ्या प्रतीत शेवटच्या कोऱ्या पानावर मी सतरा ओळी आखल्या. सहा पेनाने भरल्या. सर असते तर त्यांनी पुस्तक मागूनच उघडलं असतं, आणि पहिल्याप्रथम त्यांना त्या अकरा रिकाम्या ओळी दिसल्या असत्या.