हसनभाईंचा शेवटचा जोड

हसनभाई दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी पहाटे खालापूरच्या राहत्या घरी वारले. झोपेतच हृदय थांबले, असे डॉक्टरांनी सांगितले. आदल्या संध्याकाळी मी, त्यांचा शेजारी, त्यांच्याकडेच होतो. त्या संध्याकाळी त्यांनी एक काम पुरे केले होते आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, असे घरात बजावले होते.

काम जीवाश्माचे होते. त्यांचे वडील बोटीवर खलाशी. मादागास्करच्या बंदरातून त्यांनी मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला, तळहाताएवढा शंख आणला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच दगड झालेला. वडिलांची तेवढीच वस्तू घरात उरली होती. ईदच्या साफसफाईत त्यांच्या पत्नी जुबेदाभाभींच्या हातून ती लादीवर पडली आणि तिचे पाच तुकडे झाले. हसनभाई तेव्हा शिळफाट्याला, आपल्या चष्म्याच्या दुकानात होते. ते यायच्या आत भाभींनी झटपट सुकणाऱ्या गोंदाने चार तुकडे चिकटवले. पाचवा बसेना. आधीचा एक जोड केसभर सरकला होता... पाचवा तुकडा ओढणीच्या टोकाला बांधून त्या दारात बसून राहिल्या.

हसनभाईंनी भिंगातून शंख पाहिला आणि ते म्हणाले, "कोटी वर्षं टिकला गं, अन् तुझ्या फडक्यापुढं हरला!" भाभी हसल्या नाहीत. त्यानंतर त्या सगळे कपाट पुसत, शंखाचा मधला खण सोडून. "ती तो खण पुसत नाय, तवर माझं काम संपलं नाय, विनायक," हसनभाई मला म्हणाले.

चुकीचे जोड सोडवायला नेलपॉलिश काढायचे पाणी लागणार होते. नमाजाआधी वजू करताना नखांनाही पाणी लागावे लागते, म्हणून भाभी नखे रंगवत नाहीत, त्यामुळे ते घरात नव्हते. आम्ही दोघे बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "काय चाचा, या वयात?"

"दगडाला पायजे."

"चाची दगड कधीपासून झाली?" दुकानदार हसत सुटला. घरी येऊन हसनभाईंनी हे भाभींना दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा त्या किंचित हसल्या.

जोड सुटले. मग त्यांनी ताटात वाळू घेतली. तुकडा वाळूत असा रोवायचा, की वरच्याचे वजन नेमके जोडावर यावे. एक जोड पुरता सुकल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. या वेळी गोंद हळू सुकणारा, पाण्याने पुन्हा सुटणारा होता. मी कारण विचारले. ते म्हणाले, "चष्म्याला स्क्रू का असतो? उद्या उघडता यावा म्हणून. माझ्या हातून चूक झाली, तर पुढच्याला सोडवता आलं पायजे ना."

त्या शेवटच्या संध्याकाळी पाचवा तुकडा बसला आणि वाळूचे ताट कपाटावर गेले. "दोन दिवस थांबायचं. मीच काढीन," ते म्हणाले.

घरात माणसे आली, सामान हलले. ताट कपाटावरून हलले नाही. भाभींनी कोणाला हात लावू दिला नाही. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर त्यांनी ताट माझ्यापुढे ठेवले.

"विनायकभाऊ, तुमी काढा."

"तुम्हीच काढा, भाभी."

"सुटला तर?"

"तर पुन्हा जोडता येईल. तसाच गोंद लावलाय त्यांनी."

त्यांनी दोन्ही हात वाळूत घातले आणि शंख उचलला. वळशांतून वाळू ताटात गळाली. पाचही तुकडे जागच्या जागी होते. मग त्यांनी फडके घेतले, मधला खण पुसला आणि शंख तिथे ठेवला.