चार दिवसांच्या कळा

आता हा किस्सा सांगायचा म्हणजे स्वतःची अब्रू स्वतःच वेशीवर टांगायची. पण टांगते! दमलेल्या बाईला अब्रूचंसुद्धा ओझं होतं हो.

मी कशेळ्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स. वाड्या ढीगभर, नर्स एकटी. म्हणून फोनमध्ये बायकांची नावं मी महिन्यासकट साठवते. त्या दुपारी लसीकरण आटोपून डबा उघडते न उघडते तोच फोन वाजला. नाव आलं, 'कल्पना, आठवा महिना'.

पलीकडून कण्हणारा, दबका आवाज. "बाय, चार दिस झालं. कळा येतात, जोर लावून लावून जीव गेला, पन मोकळी होत नाय गं."

आमच्याकडे बाई मोकळी झाली म्हणजे बाळंत झाली. आता सांगा, मी काय समजणार?

"चार दिवस? आणि आज फोन करतेस? पडून राहा! जोर लावू नकोस!"

"अगं, ऐक तरी, मी..."

"एक शब्द बोलू नकोस!" आणि मी फोन ठेवून मोकळी!

अॅम्ब्युलन्स बोलावली. आशाताईला पुढे पळवलं, तिने चार घरी पाणी तापत ठेवायला लावलं. सायरन वाजवत आम्ही पोहोचलो, तर निम्मी वाडी अंगणात. आणि दार कोणी उघडलं? कल्पनाने! पोट जागच्या जागी, हातात केरसुणी.

"ताई, कुनाला काय झालं?"

आत तिची सासू हिराकाकी गोधडीत तोंड लपवून पडलेली. सुनेच्या फोनवरून तिनेच मला गाठलं होतं. तिला शौचाला होत नव्हतं! जे दुखणं तिने वर्षानुवर्षं सुनेलासुद्धा कळू दिलं नव्हतं, त्याची मी सायरन वाजवून वरात काढली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"बीपी वाढलंय!" असं अंगणात ओरडून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"काकी, आठवड्यातून किती वेळा होतं? रक्त पडतं?"

"रगत नाय. दोनदा झालं तर झालं, त्ये बी खडा. उजेडी बाईमानसानं जायचं कुठं? मंग पानीच कमी पिते."

"अगं, पण दारात संडास आहे ना?"

"त्यात सरपन हाय."

मग काय, माझं भाषण सुरू. सरपण बाहेर काढा, पाणी प्या, पालेभाजी खा, आली की दाबून ठेवू नका. आणि चार दिवस झालेत, तेव्हा आज डॉक्टरांना दाखवायचंच.

काकी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "अन् तू गं? तू कवा गेलीस?"

उपकेंद्राच्या संडासात पाणी नाही, म्हणून मी दिवसभर दोन घोट चहावर. बोटं मोजायला लागले. करंगळीपासून निघाले ती थेट अंगठ्यावर आले.

काकी गोधडी सारून टुणकन उठली आणि दार उघडून ओरडली, "डायवरभाऊ, दोन पेशंट हायत! पयली हिला झोपवा!"