उलटी बाजू

खांडबाऱ्याच्या सकीनाबीने पंचवीस वर्षं गावातल्या बायांची पोलकी शिवली आणि एका पोलक्याने तिचं नाक कापलं. पोलकं भिकुबाईचं. भिकुबाई खात्यापित्या शेतकऱ्याघरची, गळ्यात तुळशीची माळ आणि तोंड असं फटकळ की समोरच्याने आपलं गप्प बसावं. तिच्या पोलक्याची डावी बाही सकीनाने उलटी जोडली, कापडाची आतली बाजू वर. भिकुबाईने ती बाही गल्लीभर मिरवली.

हात चुकला नव्हता. रक्तातल्या साखरेने सकीनाच्या डोळ्यांचा पडदा खराब केला होता. चिंचपाड्याच्या दवाखान्यात दाखवून झालं होतं. आहे तेवढी नजर सांभाळा, एवढंच डॉक्टर सांगू शकले.

"अम्मी, अब बस करो. मशीन बेच डालते," मुलगा अनीस म्हणाला. तो नवापूरला पोल्ट्रीत कामाला होता. पोराचं मन वाईट नव्हतं, आईची फजिती त्याला बघवत नव्हती, इतकंच. त्याने गिऱ्हाईकसुद्धा ठरवलं. पंधरा दिवसांनी, बाजाराच्या संध्याकाळी ते मशीन उचलायला येणार होतं.

सकीना एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला. मशीन गेलं की आपणही कोपऱ्यातलं सामान होणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. एवढं दिसायला डोळे लागत नाहीत.

अनीस पोल्ट्रीतून कोंबडीखाद्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्या आणायचा. पत्र्यावर टाकायच्या, सरपण झाकायचं आणि फाटल्या की उकिरड्यावर. सकीनाने एका गोणीवरून बोट फिरवलं. वीण जाड, बोटाला कळणारी. तिने दुकानातून मशीनला लावायची जाड कापडाची सुई मागवली. तिचं नेढं भलं मोठं होतं, आणि ते सकीनाला दिसलं! त्या बाईला किती आनंद झाला म्हणून सांगू.

पहिल्याच दिवशी तीन सुया मोडल्या. कापलेल्या कडेचे धागे सुटायचे, शिवण हातात यायची. मग ती कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन फिरवायला शिकली, म्हणजे धागे चिकटून बसायचे. बोटं भाजली. खाद्याचा वास जाईना, म्हणून गोण्या तीन तीनदा धुतल्या. आठव्या दिवशी भाजीच्या आठ थैल्या घेऊन ती बाजारात बसली.

पहिली आली ती भिकुबाईच.

"हाई काय शे व माय? थैलीवर कोंबडा? मन्हा गळामा माळ शे, मी यामा भाजी कशी ठेवू?"

खरंच की! प्रत्येक थैलीवर खाद्यकंपनीने छापलेला लालभडक कोंबडा तुरा उभारून, छाती काढून उभा. सकीनाच्या घरी कोंबड्याचं कुणाला काय असणार? तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आसपासच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आठही थैल्या परत घरी आल्या.

अनीसने त्या उचलून कोपऱ्यात ठेवल्या. बायांच्या हसण्यापेक्षा ते तिला जास्त लागलं.

सकीना थैली मांडीवर घेऊन बसली. पोलक्याच्या त्या बाहीची तिला आठवण झाली आणि एकटीच हसत सुटली. बाही उलटी झाली म्हणून नाव गेलं, होय? मग आता आख्खी थैलीच उलटी! गोणीची आतली बाजू पांढरीस्वच्छ होती. तिने आठही थैल्यांची शिवण उसवली आणि कोंबडा आत घालून पुन्हा शिवल्या. आठवडाभर ती मशीनवरून उठली ती नमाजाला आणि भाकरीला.

पुढच्या बाजारी भिकुबाई पुन्हा आली. थैली ओढून पाहिली, बंद ताणून पाहिले, पाच किलो वांगी भरून झुलवून पाहिली. मग आत डोकावली, तर कोंबडा आत उभाच.

"आते मझार जाई बसना का?" भिकुबाई खदखदून हसली. "बसू दे. वांगास्नी राखण करी."

तिने थैली घेतली. जाता जाता थांबली. "मन्हा घर खतन्या गोण्या पडेल शेतस. कपाशी येचाले कंबरले बांधाच्या झोळ्या शिवशी का? दहा बाया शेतस."

"शिवसू," सकीना म्हणाली. नंतर हळूच विचारलं, "पोलकानं इसरी गयी का?"

"नई व. घालेल शे ना," भिकुबाईने डावा हात वर केला. उलटी बाही तशीच होती.

संध्याकाळी अनीस गिऱ्हाइकाला घेऊन दारात आला. आत भिकुबाईने दुपारीच धाडलेल्या खतांच्या गोण्यांचा ढीग आणि ढिगामागे मशीन खडखडत होतं. गिऱ्हाईक खोळंबलं. सकीनाने मान वर केली नाही.

"मशीन खाली नहीं है," ती म्हणाली.

अनीसने त्या माणसाला परत पाठवलं. तेवढ्यात दोरा तुटला, तसा तो धावत आत आला आणि ओवून द्यायला त्याने सुईकडे हात नेला.

सकीनाने त्याचा हात बाजूला केला.

"रहने दे. ये सुई मेरे को दिखती."