मांजराच्या शेपटीखालचा तांदूळ

"बघून, भाऊ, बघून."

आळेफाट्याच्या त्या धान्याच्या दुकानात पाय टाकला की हे कानावर पडायचंच. पायाखाली कधी मुंगळा असायचा, कधी मांजराची शेपटी, तर कधी काहीच नसायचं. शेठ मान वर न करता सांगायचे आणि सांगता सांगता उजव्या पायाच्या अंगठ्यानं डावा घोटा खाजवायचे. त्यांची ही खाज वर्षभर चालायची. मी ती बरेच दिवस बघत होतो, पण तिचं कारण मला फार उशिरा कळलं.

नव्वदीच्या शेवटची ही गोष्ट. दुकानाच्या वरच्या खोलीत आमच्या चळवळीचं ऑफिस होतं. ऑफिस कसलं, एक टेबल आणि पत्रकांचे गठ्ठे. मी निमगाव सावाहून रोज एसटीनं यायचो आणि पत्रकं लिहायचो. भोंदू बाबाच्या विरोधात, मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याच्या विरोधात, आडमुठ्या तलाठ्याच्या विरोधात. माणूस दिसला की तो कुठल्या पत्रकात बसतो ते मला लगेच कळायचं. एकटे शेठ कुठल्याच पत्रकात बसेनात.

घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण तीन पिढ्या इथल्या, आणि बोलणं माझ्या चुलत्यासारखं. माप चोख, त्यामुळे व्यापाऱ्याचं पत्रक बाद. देवाच्या नावावर कुणाकडून काही उकळत नव्हते, म्हणजे बाबाचंही बाद. त्यांच्याकडे फक्त एक करड्या रंगाची मांजर होती. ती दिवसभर वह्यांवर बसून असायची, म्हणून तिचं नाव मुनीमबाई.

एका उन्हाळ्यात माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत पिसवा झाल्या. त्यांनी चावून चावून माझ्या पोटऱ्या फोडून काढल्या. मी तावातावानं खाली उतरलो.

"शेठ, तुमच्या मांजराच्या पिसवा आमच्या ऑफिसात आल्यात!"

"किती आल्या?" शेठनी पाहुणे आल्यासारखं विचारलं.

"मोजायच्या असतात का त्या?"

"तसं न्हाई. हितं कमी दिसत व्हत्या, म्हणून म्हनलं गेल्या कुटं."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी गुपचूप त्यांच्यामागे गेलो. रोज दुपारी ते मुनीमबाईला मांडीवर घ्यायचे आणि उवा-लिखा काढायच्या बारीक फणीनं तिला विंचरायचे. आधी मान, मग शेपटीचं बूड. फणीत आलेली पिसू ओल्या फडक्यात टिपायची, मारायची नाही. फडकं घेऊन मागच्या पत्र्याच्या खोलीत जायचं. तिथे गहू चाळताना निघालेले सोंडे मूठभर गव्हासकट आधीच सोडलेले असायचे. पिसवाही तिथेच झटकायच्या.

"सोंड्यांना गहू घातलात. पिसवांना काय घालता?" मी कुत्सितपणे विचारलं.

 शेठ एका पोत्यावर बसले, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाय पिसवांपुढे लांब केले.

घोट्याचं कोडं असं सुटलं, वाचकहो. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या दारातून म्हणाल्या, "शास्त्रात न्हाई असलं काय. महाराजांनीपण नगं म्हनून सांगितलंय. ह्यांचं आपलं येगळंच असतं."

मी वर जाऊन 'अहिंसा की अडाणीपणा?' अशा मथळ्याचं पत्रक लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीवर अडकलो. पिसवा पोसायला हा माणूस दुसऱ्याचे पाय घेत नव्हता. मग चिडायचं कशावर?

चिडायला काही सापडलं नाही म्हणून मी कृती केली. शेठ देवळात गेलेले असताना एका दुकानातून पिसवांची पावडर आणली. "कुत्र्याला चालते, मांजराला काय व्हतंय," दुकानदार म्हणाला. मी ती मुनीमबाईच्या अंगभर चोळली. मांजर दिवसभर स्वतःचं अंग चाटत असते, ही गोष्ट माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आली नाही. तासाभरात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि पाय थरथरायला लागले.

शेठ परत आले. काय झालं ते विचारलं, ऐकलं आणि कोमट पाणी व साबण घेऊन बसले. दुपारभर तिला धूत होते, पुसत होते, पोत्यात गुंडाळून पोटाशी धरत होते. संध्याकाळी तिनं मान उचलली. तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले.

"डब्यावरचं वाचलं व्हतं का, भाऊ?"

"नाही."

"तुमी तर छापता."

एवढंच म्हणाले. याहून शिव्या परवडल्या असत्या.

त्यानंतर मी रोज खाली जाऊन बसू लागलो. प्रायश्चित्त वगैरे काही नाही, तसले शब्द मी वापरत नाही. बसायचो एवढंच. मांजर वाचली होती, पण वाळत चालली होती. पाठीचा कणा हाताला लागायचा, पोट मात्र तट्ट. आणि एक दिवस शेठना तिच्या शेपटीखाली तांदळाचा दाणा चिकटलेला दिसला.

धान्य हातात आलं की त्यांची बोटं आपोआप चालायची. त्यांनी दाणा उचलला, तळहातावर घेतला, चष्मा सरकवला.

"आंबेमोहोर न्हाई. इंद्रायणीपण न्हाई. लई बारीक. आपल्याकडं असला माल नाय, भाऊ. कुटनं आला ह्यो?"

तळहातावरचा दाणा आकसला. मग लांबला आणि चालायला लागला.

मी ओरडलो. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी तळहात जमिनीला टेकवून दाणा अलगद उतरवला आणि मग फार वेळ हात धूत राहिले.

मी आंबेगाव तालुक्यात मंचरला गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका म्हशीच्या मागे उभे होते, तिथूनच बोलले. "तांदूळ न्हवं, जंताचे तुकडे ते. पिसवेतून येतात. मांजर अंग चाटते, पिसू गिळते, जंत पोटात जातो. गोळी स्वस्त आहे, पण गुरांची गोळी अंदाजानं मोडून घालू नका, मरेल. मांजराचं वजन करून आणा, मी लिहून देतो. आणि पिसवा हटल्या नाहीत तर जंत पुन्हा येणार, हे ध्यानात ठेवा."

वजन करायची अडचण नव्हती. शेठनी मुनीमबाईला तराजूच्या पारड्यात ठेवलं. ती तिथे नेहमीच झोपायची, हलली नाही. त्यांनी दुसऱ्या पारड्यात वजनं चढवली. मग काटा स्थिर होऊ दिला, आणि हात मागे घेतला.

"गोळीनं जंत मरनार?"

"मरणारच. त्यासाठीच आहे गोळी."

"चातुर्मास लागलाय, भाऊ. जाणूनबुजून जीव मारायचा न्हाई, असा नियम घेतलाय मी."

"चातुर्मास संपेपर्यंत मांजर राहणार नाही, शेठ. तिचा जीव तो जीव नाही का?"

ते पारड्याकडे बघत बसले. गिऱ्हाईक आलं, ज्वारी मागून थकलं आणि निघून गेलं. वजन सांगून मी मंचरहून गोळी आणली. शेवटी शेठनी आतून चमचाभर तूप आणून माझ्यासमोर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी गोळीचा लिहून दिलेला तुकडा कुटून तुपात कालवला आणि मुनीमबाईच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे फक्त उकळून गार केलेलं पाणी होतं. उपवास! माझं डोकं फिरलं. म्हणजे पाप माझ्या हातानं करवून घ्यायचं आणि पुण्य आपण कमवायचं! हे मात्र नक्की पत्रकात बसत होतं. मी काकूंना तोंडावर म्हणालो, "तुमचे शेठ हिशेबाला पक्के आहेत हो. काम माझं, सुटका त्यांची."

काकू गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्यांचा न्हाई उपास. तुमच्या नावचा धरलाय. म्हनले, पोरगा मानत न्हाई तर त्यो प्रायश्चित्त करनार न्हाई. कुनीतरी करायला पायजे."

मी वर गेलो आणि दिवसभर एक ओळ लिहिली नाही. माझ्या परवानगीशिवाय माझ्या नावानं उपवास! हा माझ्यावर अन्याय होता की उपकार? मला राग आला होता, हे नक्की. कुणाचा, ते ठरेना.

मांजर भरली, केस चमकायला लागले. पण पिसवा होत्याच, म्हणून जंतही परत आले. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा गोळी दिली. पुन्हा चमचाभर तूप, पुन्हा भिंतीकडे तोंड, पुन्हा उपवास. आणि शेठना शुगर होती, जेवण चुकवू नका असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तिसऱ्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते वजन उचलायला वाकले आणि तसेच पोत्यांवर कोसळले. काकूंनी तोंडात साखर घातली तेव्हा डोळे उघडले.

"आता मी गोळी देणार नाही," मी म्हणालो.

"मग मांजराचं काय?"

"मग तुम्ही उपवास करू नका."

"मग तुमचं काय, भाऊ?"

या प्रश्नाला आमच्या एकाही पुस्तिकेत उत्तर नाही. मी शोधलं.

एकच वाट उरली होती. पिसवाच नकोत, म्हणजे जंत नको, गोळी नको, उपवासही नको. डॉक्टर म्हणाले, पिसवेची अंडी मांजराच्या अंगावर कमी, झोपायच्या जागेत जास्त. मी मुनीमबाईची पोती उकळत्या पाण्यात घालायला निघालो. शेठनी आडवा हात धरला.

"उकळायचं न्हाई."

"मग?"

"उनात टाका. रोज. मी टाकतो."

"उन्हात अंडी मरतात, शेठ. तेच झालं की!"

"ऊन मी पाडतो का, भाऊ? पोती तर वाळवायलाच पायजेत."

ही शुद्ध लबाडी होती. मी त्यांना तसं सांगितलं. ते हसले आणि अंगठ्यानं घोटा खाजवला. मग रोज सकाळी पोती उन्हात, कोपरेन् कोपरा झाडून काढलेला, दुपारी फणी. फणी आता मी धरायचो. शेठचं पत्र्याच्या खोलीत पाय सोडून बसणं मात्र मी बंद पाडलं. "माझ्या नावावर तुमचा उपवास चालतो, तर माझा हुकूमही चालेल," असं म्हणालो. ते थोडे हिरमुसले, पण त्यांनी ऐकलं. फणीतल्या पिसवा त्या खोलीत सोडल्या जायच्या. पुढे त्यांचं काय व्हायचं ते आम्ही दोघंही विचारत नव्हतो. सहा महिन्यांत शेपटीखाली तांदूळ दिसेनासा झाला.

मी पत्रक काढलं, 'कमी खर्चात मांजर निरोगी ठेवा'. बारीक फणी, ऊन, झाडू, डॉक्टरांना विचारून गोळी, आणि कुत्र्याची पावडर कधीही नाही. शेठनी ते शेवटपर्यंत वाचलं. "छापायच्या आधी बघून लिवलंय," म्हणाले. माझ्या लिखाणाला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

दोन-तीन वर्षांनी दुकान विकून ते मुलाकडे पुण्याला गेले. तिथे फ्लॅटमध्ये मांजर चालणार नव्हती. मुनीमबाई आणि फणी माझ्याकडे निमगावला आल्या. निघताना म्हणाले, "गोळी द्याल त्या दिवशी एक फोन करा."

"म्हणजे तुम्ही तिथे उपवास धरणार?"

"फोन तर करा."

आमच्या गोठ्याशेजारी पिसवांना तोटा नव्हता. तीन महिन्यांनी शेपटी तपासायची तारीख शेठनी निघतानाच वहीत लिहिली होती; त्याच सुमारास, पावसाळा सरताना, तांदूळ पुन्हा दिसला. शेठ नव्हते, म्हणून किराणा दुकानातल्या पोती तोलायच्या नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तिचं वजन करायला गेलो. ती त्यावर दोन क्षणही थांबेना, आकडे नुसते पळत होते. शेवटी मी तिला घेऊन काट्यावर बसलो, मग एकटा बसलो आणि वजाबाकी केली. सकाळी गोळी दिली. फोन करायचा नाही असं ठरवलं होतं.

दुपारी दोनला शेजारच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली. पुण्याहून शेठ होते. आवाज खोल गेलेला.

"भाऊ, अंदाजानं आजच व्हती नव्हं गोळी? सकाळधरनं थांबलोय. दिली का?"

मुनीमबाई माझ्या मागोमाग बूथपर्यंत आली होती. तिच्या मिशीला अजून तूप होतं.

"नाही दिली, शेठ," मी म्हणालो. "गरजच पडली नाही. तांदूळ दिसत नाही. तुम्ही जेवा."

"बघून सांगताय ना?"

"बघून सांगतोय."

पलीकडे ताट ठेवल्याचा आवाज आला. मी तो आवाज पूर्ण ऐकला आणि मग फोन ठेवला.

ते आमचं शेवटचं बोलणं. हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. खरं बोला, तपासून बोला, असं मी गावोगाव सांगत फिरतो. त्या दिवशी मी धडधडीत खोटं बोललो, आणि पुन्हा वेळ आली तर तेच बोलेन. हे पाप आहे का, मला माहीत नाही. असलंच तर माझ्या नावानं उपाशी राहणारं आता कुणी उरलेलं नाही.