मुखवट्यांची चोरी

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही घटना मात्र तशीच्या तशी आठवते, आणि आठवली की अजूनही ओशाळायला होतं. माणसं ओळखू येतील म्हणून नावं लिहीत नाही.

वाशिम जिल्ह्यात, रिठदच्या पलीकडं, माझ्या ठाण्याच्या हद्दीत एक कलावंत राहत होता. नेमका कशाचा कलावंत, हे गावालाही सांगता येत नसे. तो गाणी रचायचा, स्वतःच गायचा, तारेच्या सांगाड्यावर कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायचा आणि ते घालून नाचायचा. अशाच, एका वेळी दोन-तीन कलांत काम करणाऱ्या लोकांना आणखी शिकता यावं म्हणून पुण्याकडची एक संस्था निधी देते. तो त्याला वर्षभरासाठी मिळाला होता. गावानं या निधीला आपला नेहमीचा शब्द लावला, उचल. वीटभट्टीवर जाणारा मजूर कामाआधी घेतो तसली. उचल घेतली म्हणजे काम दाखवावं लागतं. त्यानंही कबूल करून टाकलं होतं की वर्ष संपताना मंदिराच्या सभामंडपात नवा खेळ करून दाखवीन.

खेळाला थोडे दिवस उरले असताना तो ठाण्यात आला. शेतातल्या खोलीतून सगळे मुखवटे चोरीला गेले, अशी त्याची फिर्याद होती. ठाणे अंमलदारानं आधी हसून घेतलं, मग लिहून घेतलं. मी पंचनाम्याला गेलो. खोलीत पाण्याची मोटार होती, नवा फवारणी पंप होता. त्यांना कुणी हात लावला नव्हता. भंगारात चांगला भाव येणारी मोटार सोडून कागदाचे मुखवटे नेणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. तरी मी पुढं विचार केला नाही, कारण तेवढ्यात खबर मिळाली.

ठाण्यासमोरच्या चहावाल्यानं सांगितलं की याच्यासोबत ढोलकी वाजवणारा मित्र त्या निधीवरून भांडला होता, आणि ‘तुहे मुखवटे राहू देत नाही’ असं चारचौघांत बोलला होता. भांडण आहे, धमकी आहे, साक्षीदार आहेत. तपास अधिकाऱ्याला आणखी काय लागतं? मित्र भाजीपाला पिकवून विकायचा. आम्ही त्याला भर बाजारातून, गिऱ्हाइकांसमोर जीपमध्ये घातला. त्याची मेथी पोत्यावर तशीच राहिली.

चौकशीत मी आवाज चढवला. तो घाबरला, पण बधला नाही. भांडलो हे त्यानं लगेच कबूल केलं. वर्षभर कलावंत गावोगाव शिकत फिरला आणि आपल्याला एकदाही सोबत नेलं नाही, याचा त्याला राग होता. मग म्हणाला, “पण साहेब, ते मुखवटे नेऊन मी काय करू? त्याच्याबिगर ते नाचतात काय?”

त्याला सोडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावला. या खेपेला बायको मागोमाग आली. ओरडली नाही, रडली नाही. दारातच उभं राहून म्हणाली, “साहेब, आमच्या मेथीले आता कोनी हात लावत नाही. चोराची भाजी म्हन्तात. तुमी शोधा, पन लवकर शोधा.”

त्या बाईच्या बोलण्यानं मी जागा झालो. ज्याची वस्तू जाते तो माणूस आम्हाला सुखानं बसू देत नाही. सापडलं का, कुणाला धरलं, असं विचारून डोकं खातो. हा फिर्यादी एकदाही फिरकला नव्हता.

मी पुन्हा त्याच्या शेतात गेलो. शेजारच्या वावरात हळद शिजवणं चाललं होतं. तिथल्या भट्टीची राख बांधावर टाकलेली होती. काठीनं उकरली तर आतून बारीक तारा निघाल्या; कुठं डोळ्याचा गोल, कुठं नाकाचा बाक. एक तार उचलून मी मागोमाग आलेल्या कलावंतासमोर धरली. तो खाली बसला.

“कोनी नेले नाही साहेब. मीच भट्टीत घातले,” तो म्हणाला. “वर्सभर मोठमोठ्या लोकायचं काम पायलं. घरी आलो, माहे मुखवटे पायले, अन् लाज वाटली. लोकायले काय दाखवू?”

मित्राला धरल्यावर तरी का आला नाहीस, असं मी विचारलं. दोनदा ठाण्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलो, म्हणाला. संस्थेतल्या बाईंना मी फोन लावला. त्यानं आम्हाला काही करून दाखवावं अशी अटच नव्हती, त्या म्हणाल्या. निधी शिकण्यासाठी होता, आधीचं काम मोडावंसं वाटलं तर ते शिकण्यातच धरतो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

खोट्या फिर्यादीचा अहवाल मी कोर्टात पाठवला. मित्रावरचा संशय मात्र त्या कागदानं धुतला जाणार नव्हता. गाव काही कोर्टात येत नाही.

ठरलेल्या संध्याकाळी सभामंडप भरला. मला पुढची खुर्ची दिली होती. मित्र बायकोसोबत खांबाला टेकून बसला होता. कलावंत मुखवट्याशिवाय, रोजच्या सदऱ्यावर पुढं आला आणि सगळं सांगू लागला. भट्टी, खोटी फिर्याद, मित्राला झालेला त्रास, काही लपवलं नाही. सांगताना सवयीनं त्याचे हात हलत होते, आवाज चढत-उतरत होता. लोकांना वाटलं, हाच नवा खेळ. ते खदखदून हसले, टाळ्या पडल्या.

तो गोंधळून थांबला. तेव्हा मित्र जागेवरून उठला.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला. “या बारीले कोनी हासलं नाही पायजे.”

कलावंतानं हात मागं बांधले आणि जमिनीकडं बघत पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कुणी हसलं नाही. संपल्यावर मित्र बायकोला घेऊन निघून गेला. पुढं त्यांनी एकत्र खेळ केला की नाही, मला माहीत नाही.

त्या बाजारातून माणूस मी उचलला होता. उठून दोन वाक्यं मीही बोलू शकलो असतो. खुर्चीला चिकटून बसलो.

पुढच्या नोकरीत एक नियम मी पाळला. उचललेला माणूस निर्दोष निघाला, तर त्याला सरकारी गाडीतून दिवसाउजेडी गावात न्यायचं, चार माणसं जमू द्यायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं की याचा काही दोष नाही. काही शिपायांना हा माझा चक्रमपणा वाटे.

त्या मित्राला सोडताना मी टेबलावरून मानही वर केली नव्हती. नुसतं ‘जा’ म्हणालो होतो, आणि तो एसटीनं गेला.